सातवा ठोकळा

बालाघाटाच्या पठारावरच्या एका गावात शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. जुन्या खोल्यांचे पत्रे वादळात उडाले होते आणि लेकरं मारुतीच्या देवळात बसून शिकत होती. मंजुरी येईपर्यंत हिवाळा सरला, पाया भरेपर्यंत फेब्रुवारी गेला. कॉलम उभे राहिले, भिंती चढल्या, सळया बांधून झाल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या खोलीचा स्लॅब टाकायचं ठरलं.

कामावर माणसं पुष्कळ होती. गुत्तेदार आठवड्यातून एकदा-दोनदा यायचा. मुकादम रोजचा होता. त्याची उभी हयात बांधकामावर गेलेली, ओळंबा न लावता भिंतीचा कल सांगायचा. त्याच्या हाताखाली गवंडी, सळईवाले, सेंट्रिंगवाले, बिगारी. देखरेखीला एक तरुण इंजिनिअर होता. त्याच्याकडे आणखी तीन गावांची कामं होती, म्हणून तो आला की घाईत असायचा.

आणि एक बाई होती. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. त्या हंगामात मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरली आणि गुडघा दुखावला. घमेलं डोक्यावर घेऊन चढणं तिला जमेना. नवरा बांधकामावर रात्रीचा राखणदार म्हणून लागला, तेव्हा मुकादमाने तिला पाणी मारायच्या कामावर घेतलं. भिंतीला पाणी मार, कॉलमला गुंडाळलेली गोणपाटं भिजव, ड्रम भरून ठेव. सगळ्यांत कमी हजेरी तिची होती. पाणी काय, कुणीही मारील, असं सगळ्यांना वाटायचं. सगळे तिला मावशी म्हणायचे.

स्लॅबच्या दिवशी पहाटे नारळ फुटला आणि मिक्सर धडधडू लागला. एका गोणीला दीडपट वाळू, तिप्पट खडी. पाण्याचा डबा इंजिनिअरने स्वतः मोजून ठरवला होता. त्या दिवशी तो मिक्सरपासून हलला नाही, त्यामुळे माल सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा पडला.

दहाच्या सुमाराला त्याने लोखंडी साचे मांडले. 15 सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद, तेवढेच उंच. घमेल्यातला माल तीन थरांत भरला, प्रत्येक थराला सळईने 35 ठोसे दिले, वरून थापी फिरवली. सहा साचे पुरे होते. तीन ठोकळे सात दिवसांनी फोडायचे, तीन 28 दिवसांनी. साचे मात्र सात आले होते आणि घमेल्यात माल उरला होता. त्याने सातवाही भरून टाकला.

दुसऱ्या दिवशी साचे उघडले. ठोकळ्यांवर तारीख घातली. शेडच्या सावलीत एक ड्रम काठोकाठ भरला आणि सहा ठोकळे त्यात बुडवले.

"मावशी," इंजिनिअर म्हणाला, "हे पाण्याबाहेर राहता कामा नयेत. पाणी उतरलं की भरा. आठवड्याने सगळं पाणी बदला. ड्रमला ऊन लागू देऊ नका."

"आन ह्यो सातवा?"

"तो जादाचा आहे. ठेवा कुठंही."

छतावर मुकादमाने कडेने आणि मधे मधे आळी घातली होती आणि त्यांत पाणी सोडलं होतं. वर पाणी आहे, तर असू दे तिथंच, म्हणून मावशीने तो ठोकळा वर नेऊन एका आळ्यात ठेवला.

त्या आठवड्यात वारा सुटला होता. स्लॅब टाकला त्याच संध्याकाळी ओल्या मालावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या होत्या. मुकादमाने नीरू फिरवून त्या बुजवल्या. आळ्यातलं पाणी सकाळी भरलं तर दुपारी तळाला जायचं. मावशी दिवसभर चढ-उतर करायची. दोन दिवस असे गेले.

तिसऱ्या दिवशी गुत्तेदार आला. टँकर लांबून आणावा लागत होता आणि भाव वाढला होता.

"किती दिवस पाजणार आहात हे पाणी?"

मुकादम छतावर गेला आणि टाच आपटून आला. "माणूस चालतंय, ढेकूळ मारलं तरी उमटत न्हाई. वाळलंय चांगलं. आता काय व्हायचंय त्याला?"

टँकर बंद झाला. ड्रमपुरतं पाणी गावातल्या हापशावरून आणायचं ठरलं, कारण ठोकळे तपासणीला जायचे होते.

चौथ्या दिवशी मावशी सवयीने वर गेली. आळी सुकून तडकली होती. पायाला चटका बसला. मधल्या आळ्यात तो ठोकळा पांढरा पडून बसला होता. ती खाली आली. सावलीतला ड्रम काठोकाठ भरलेला होता.

संध्याकाळी इंजिनिअर आला तेव्हा तिने विचारलं, "साहेब, ड्रममधला माल आन वरचा माल एकच हाय न्हवं का?"

"एकच आहे, मावशी."

"मग ह्याला सावलीत बुडवून ठिवायचं आन त्याला उन्हात तापवायचं, असं कशामुळं?"

गुत्तेदार शेजारीच उभा होता. "मावशी, तपासणी ठोकळ्याची होते," तो म्हणाला. "छत काढून नेता येत नाही तपासायला."

इंजिनिअरने साइटच्या वहीत लिहिलं की छताला पाणी देणं सुरू ठेवावं. खाली सही केली आणि तो पुढच्या गावाला गेला. सूचना वहीतच राहिली.

मावशीने ठोकळा छतावरून हलवला नाही. एका गवंड्याला मिक्सरच्या चाकाला अडणी म्हणून तो हवा होता. तिने दिला नाही. छतावर जे ऊन पडेल ते त्यावर पडू दे, एवढंच म्हणाली. आठवड्याने ड्रममधलं पाणी बदलायची वेळ आली, तेव्हा उतरलेलं पाणी तिने बादल्यांनी वर नेऊन छतावर ओतलं. एका कोपऱ्याला पुरलं. तिने ते पाणी ठोकळ्यावर मुद्दाम घातलं नाही.

सात दिवसांचे तीन ठोकळे गेले आणि चांगला आकडा घेऊन आले. 14 दिवसांनी टेकू काढले. छत जागचं हललं नाही. मुकादम मावशीकडे पाहून हसला आणि मावशीही हसली, कारण छत नीट राहावं असंच तिलाही वाटत होतं.

28 दिवस भरले तेव्हा मे महिना लागला होता. उरलेले तीन ठोकळे जिल्ह्याच्या गावी तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत न्यायचे होते. मावशीला गुडघा दाखवायला तिथंच जायचं होतं, तेव्हा ती त्याच टेंपोत बसली. बसताना तिने पदराखाली धरलेला आठ किलोंचा ठोकळा हौद्यात ठेवला.

"साहेब, ह्यो पण फोडा. छतावर व्हता."

इंजिनिअरने ठोकळ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तो काही बोलला नाही.

प्रयोगशाळेत दाबयंत्र होतं. ओले ठोकळे पुसून एकेक त्यात बसवले. काटा हळूहळू चढायचा आणि एका ठिकाणी ठोकळा आवाज करून फुटायचा. पहिला 590 किलोन्यूटनला फुटला, दुसरा 575 ला, तिसरा 605 ला. चौरस मिलिमीटरला 26 न्यूटनच्या आसपास ताकद भरली. काँक्रीट 20 च्या प्रतीचं मागितलं होतं. कागद स्वच्छ झाला.

मग सातवा बसवला. काटा चढू लागला. 300 गेले, 350 गेले, 400 गेले. 415 ला ठोकळा फुटला.

यंत्र चालवणाऱ्या वयस्कर माणसाने आकडेमोड केली. "18.4," तो म्हणाला. "आणि हा कोरडा आहे. कोरडा ठोकळा थोडा जास्तच दाखवतो. भिजवून फोडला असता तर आणखी खाली आला असता."

"त्यातला किती गेला म्हणायचा?" मावशीने विचारलं.

"शंभरातले तीस."

"म्हंजी रुपयातले पाच आणे," ती म्हणाली. दुष्काळाची आणेवारी ऐकत तिचा जन्म गेला होता.

बाहेर कडुनिंबाखाली बाकावर बसून तिने इंजिनिअरला विचारलं की असं झालंच कसं. माल एक, दिवस एक, भरणारा हात एक. आणि त्याने तिला सांगितलं, जसं पुस्तकात आहे तसं, पण तिच्या भाषेत.

"मावशी, मुकादम म्हणतो वाळलंय. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाणी घेऊन घट्ट होतं. सिमेंटचा कण पाण्याशी जोडला जातो आणि त्यातून जे तयार होतं ते वाळूला आणि खडीला धरून ठेवतं. हे एका दिवसात होत नाही. पहिल्या आठवड्यात बरंचसं होतं, महिनाभर चालू राहतं, त्यानंतरही थोडं थोडं चालतं. पण ओल असेल तोवरच. ओल गेली की कण तिथंच थांबतो, अर्धा जोडलेला आणि अर्धा कोरा. आपलं सिमेंट तर राख मिसळलेलं आहे. त्यातली राख सावकाश काम करते. तिला ओल जास्त दिवस लागते. नियम म्हणतो, अशा सिमेंटला निदान 10 दिवस, आणि जमलं तर 14."

"पर मालात पाणी व्हतंच की."

"होतं. 50 किलोंच्या गोणीला पूर्ण जुळून यायला 19 लिटरच्या आसपास पाणी लागतं. आपण त्याहून जास्तच घातलं होतं. पण एप्रिलचं ऊन आणि तो वारा. सिमेंटने घेण्याआधी ते वरच्या वरच उडून गेलं. वरून पाणी देतो ते आतलं पाणी उडू नये म्हणून."

मावशी बराच वेळ गप्प बसली. मग तिने तो प्रश्न विचारला जो तिला सकाळपासून विचारायचा होता.

"मग लेकरांवर पडंल का छत?"

"नाही. हिशेबात जादा ताकद धरलेली असते. पडणार नाही. पण वरचा थर भुसभुशीत राहिलाय. त्यातून पावसाचं पाणी शिरेल, हवा शिरेल, सळईला गंज चढेल. गंजलेली सळई फुगते आणि खालचे पोपडे सुटतात. आज काही दिसणार नाही. आत्ता बसणाऱ्या लेकरांची लेकरं शाळेत येतील, तेव्हा दिसेल."

फुटलेल्या ठोकळ्यांचे तुकडे तिथेच टाकून द्यायचे होते. मावशीने दोन तुकडे मागून घेतले, एक ड्रममधल्या ठोकळ्याचा, एक छतावरच्या. ते पिशवीत घातले आणि गुडघा दाखवायला गेली.

इंजिनिअरने अहवालात सातवा आकडाही लिहिला. गुत्तेदार चिडला. "नियमात सहा आहेत. सातवा कुणी मागितला होता?" पण लिहिलेला आकडा पुसता येत नव्हता. छताची वेगळी परीक्षा झाली. वर वाळूची पोती रचून, छताने वाहायच्या वजनाच्या सव्वापट भार 24 तास ठेवला, छत किती वाकलं ते मोजलं, आणि भार काढल्यावर किती परत वर आलं तेही मोजलं. त्या परीक्षेत छत खरं उतरलं. मग पंधरा दिवस पाणी दिलं. उशिरा दिलेल्या पाण्यानेही थोडं भरून येतं, सगळं येत नाही. वर पाणी अडवणारा थर गुत्तेदाराला पदरचा घालावा लागला. त्यात जेवढे पैसे गेले त्यात आधीचे सगळे टँकर आले असते.

दुसऱ्या खोलीचा स्लॅब मेच्या मध्यावर होता. तोवर गावच्या हापशाने दम तोडला होता. गावाला सरकारी टँकर दिवसाआड येऊ लागला. एवढ्या टंचाईत छतावर पाणी सोडणार म्हटल्यावर गावात कुरबुर सुरू झाली. पारावर माणसं जमली. एक म्हातारा उठून म्हणाला, "लेकरांच्या तोंडचं पाणी दगडाला पाजता व्हय?"

त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या घरातल्या बायका रात्री दोनला उठून रांगेत उभ्या राहत होत्या.

कुणी म्हणालं, वेशीबाहेरच्या खाऱ्या विहिरीचं पाणी घ्या. इंजिनिअर नको म्हणाला. मालात काय किंवा वरून काय, खारं पाणी सळईला खातं.

मावशी बायकांत बसली होती. तिने पिशवीतून दोन तुकडे काढले आणि पारावर ठेवले. काही बोलली नाही. म्हाताऱ्याने एक तुकडा उचलला, कडेवर अंगठा घासला. अंगठ्याला काही लागलं नाही. दुसरा उचलला, घासला. अंगठा पिठाने भरला. त्याने तो पुढच्याला दिला. तुकडे हातोहात फिरले. अंगठे घासले गेले. मुकादमाच्या हातात आले तेव्हा त्याने खिळ्याने दोन्हींवर ओरखडा ओढून पाहिला आणि तो बराच वेळ मान खाली घालून बसला. असं काँक्रीट त्याने जन्मभर केलं होतं आणि कधी फोडून पाहिलं नव्हतं.

मग हिशेब मांडला. आळी करून पाणी तुंबवलं तर निम्मं ऊनच पिऊन जातं. त्यापेक्षा छतभर ओली गोणपाटं अंथरायची, त्यांवर प्लास्टिक घालायचं, कडा वाळूने दाबायच्या. पहिल्या दिवशी जास्त पाणी लागेल, पुढे रोज एखादा ड्रम पुरेल. प्लास्टिक सोयाबीन झाकायचं होतं ते घराघरांतून आलं, गोण्या किराणा दुकानातून आल्या. मालापुरता आणि छतापुरता एक टँकर गुत्तेदाराने विकत आणायचा, गावच्या टँकरला हात लावायचा नाही, असं ठरलं. म्हाताऱ्याने मान डोलावली.

इंजिनिअरने आणखी एक गोष्ट ठरवली. कामावरचं सगळं पाणी मावशीच्या ताब्यात. मिक्सरमध्ये जाणारंही आणि छतावर जाणारंही.

स्लॅबच्या दिवशी ऊन टाळायला मिक्सर अंधारातच सुरू झाला. मावशी ड्रमजवळ डबा घेऊन बसली. एका गोणीला एक माप, डब्यावर खूण. सकाळपर्यंत सगळं बरं चाललं. उन्हं चढली तशी माणसं थकली. माल जड लागायला लागला. फावडं ओढताना खांदे भरून येतात, घमेलं पुढे सरकत नाही. हे काम ज्याने केलंय त्यालाच ते कळतं. मिक्सरवरच्या पोराने हळूच बादली उचलली.

"ठिव ती," मावशी म्हणाली.

"मावशे, एका बादलीनं काय व्हतंय? माल जरा पळंल तरी."

"भाकरीच्या पिठात पाणी जास्त पडलं तर वरून पीठ घालून सावरता येतं. ह्यात घालायला कुठनं आणशील?"

पोराने ऐकलं नाही. बादली गेली. माल पातळ झाला, घमेल्यातून सांडू लागला. मावशीने मिक्सर बंद करायला लावला. सगळं काम थांबलं. वरून हाका आल्या. मुकादम खाली उतरून आला आणि त्याने माल पाहिला.

इंजिनिअर म्हणाला, "1918 साली शिकागोत डफ अब्राम्स नावाच्या माणसाने असंख्य नमुने फोडून हेच मांडलं होतं. सिमेंटच्या मानाने पाणी जसं वाढेल तशी ताकद उतरते. सिमेंटला नको असलेलं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी पोकळ्या उरतात."

मुकादमाला शिकागो ठाऊक नव्हतं, पण अंगठ्याला लागलेलं पीठ आठवत होतं. एका गोणीचा माल फेकणं त्याच्या जिवावर आलं. त्याने तो माल छतावर चढवू दिला नाही, अंगणातल्या पायरीखालच्या भरावात ओतायला लावला. मग तो पोराला ओरडला नाही. त्याने वरची दोन माणसं फावड्यावर बोलावली, घमेली अर्धी भरायला सांगितली, आणि गुत्तेदाराच्या गोदामात पडलेला व्हायब्रेटर आणवला. व्हायब्रेटर लावल्यावर घट्ट माल आपोआप बसू लागला. पाणी वाढवायची गरज उरली नाही.

त्या दिवशी सात नाही, नऊ ठोकळे भरले. सहा ड्रममध्ये गेले. तीन मावशीने छतावर ओल्या गोणपाटाखाली ठेवले.

पुढचे 14 दिवस कामावर कुणी नव्हतं. गवंडी दुसऱ्या गावाला गेले, मिक्सर गेला, मुकादमही गेला. छत खालून टेकूंवर उभं होतं आणि वरून झाकलेलं. पाहायला काही नव्हतं. मावशी पहाटे वर जायची, प्लास्टिकची कड उचलून गोणपाटाला हात लावायची. कोरडं लागलं की पाणी द्यायची. संध्याकाळी पुन्हा. एकदा रात्री वावटळ आली आणि प्लास्टिक उडालं. नवरा-बायकोंनी कंदील घेऊन ते परत अंथरलं आणि वर विटा ठेवल्या.

दुखऱ्या गुडघ्याने ती किती वेळा चढली-उतरली हे कुणी लिहून ठेवलं नाही. हजेरीच्या वहीत तेवढ्या दिवसांसमोर नुसती टिंबं आहेत.

28 दिवसांनी ठोकळे फोडले तेव्हा ड्रममधले 26 च्या पुढे गेले, आणि छतावरचे तिन्ही त्यांच्या जवळपास आले. 25 च्या खाली एकही नव्हता. प्रयोगशाळेतल्या वयस्कर माणसाने आकडे दोनदा तपासले. मग विचारलं, "छतावर कोण होतं?"

बांधकामावरच्या माणसांकडून ही गोष्ट मी ऐकली, आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. ड्रममधल्या ठोकळ्यांची आपण सगळेच नीट काळजी घेतो. ज्याची तपासणी होणार, जे दुसऱ्याला दाखवायचं, ज्यावर कागद होणार, त्याला सावली मिळते, वेळेवर पाणी मिळतं, कुणीतरी त्यासाठी हापशावर जातं. ज्याच्याखाली आयुष्य काढायचं ते त्याच मालाचं असतं आणि उन्हात पडलेलं असतं. नारळ फुटतो त्या दिवशी सगळे हजर असतात. ताकद येते ती नंतरच्या दिवसांत, आणि त्या दिवसांत तिथे एकच माणूस असतो, बहुतेकदा सगळ्यांत कमी हजेरीचा.

शाळेची दुसरी खोली जुलैत भरली. त्याआधीच मुकादमाला शेजारच्या तालुक्यात आरोग्य उपकेंद्राचं काम मिळालं होतं. त्याने मावशीला निरोप धाडला आणि हजेरी गवंड्याच्या खालोखाल सांगितली. ती गेली. तिथला इंजिनिअर नवा होता. त्याने शेडच्या सावलीत ड्रम मांडून ठेवला होता आणि ठोकळे बुडवायला कुणाला सांगायचं ते तो विचारत होता.

"ड्रमचं बघते मी," मावशी म्हणाली. "आधी छतावर पाणी कसं चढवायचं ते दाखवा. आन एक साचा जादाचा आणा."

नव्या इंजिनिअरने मुकादमाकडे पाहिलं.

"आणा," मुकादम म्हणाला. "एक न्हाई, तीन आणा."